एक आडवा दांडा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारी सकाळी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. इतक्यात माझा पुतण्या आपली मोटार घेऊन अंगणात शिरला आणि मागच्या सीटवरून त्याने कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू बाहेर काढली. "काका, साऱ्या नातेवाइकांत फरशी सपाट अशी तुमच्याकडेच," तो म्हणाला. त्याच्या सोसायटीत मोटारी उभ्या करण्याच्या जागेला उतार आहे, आणि रस्त्यावर काम काढावे तर जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देतो. पुण्यात सल्ल्याला तोटा कधीच नव्हता. आमचे अंगण मात्र पाणसळ लावून, शहाबादी फरशी घालून केलेले आहे. त्यावर ठेवलेली गोटी जागची हलत नाही.

कागद सुटला तेव्हा आतून हातभर-दीड हात लांबीचा, तांबड्या रंगाचा एक पोकळ दांडा निघाला. दोन्ही टोकांना भोके पाडलेल्या जाड पट्ट्या होत्या. त्याच्याबरोबर आणखी एक चपटा सांगाडा होता. तो मोटारीच्या पोटाखाली लावायचा. पुतण्याची मोटार लहानशी, पंधरा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली. तिला हे दागिने कशाला, असे मी विचारले.

"गाडी ताठ व्हायला," तो म्हणाला.

मी हसलो. लोखंडाची मोटार, आणि तिला ताठ करायची! पण त्या दिवशी संध्याकाळी मी हसत नव्हतो, आणि त्या रात्री तर मला नीटशी झोपही लागली नाही. त्याचे कारण सांगण्यापूर्वी, मोटार वाकते म्हणजे काय होते ते सांगायला हवे. मी यंत्रातला जाणकार नव्हे. परंतु पुतण्याने फरशीवर बसून खडूने आकृत्या काढून मला जे समजावले, ते मला समजले आहे असे मला वाटते.

मोटार आपल्याला एकजिनसी, कठीण वस्तू वाटते. खरे पाहता ती पातळ पत्र्याचा डबा आहे. पूर्वी मोटारीच्या तळाशी शिडीसारखी चौकट असे: दोन लांब तुळया, मध्ये आडव्या पट्ट्या. तिच्यावर, हत्तीवर अंबारी ठेवावी तसे वरचे शरीर ठेवीत. ट्रकची रचना आजही तशीच असते. इटलीतल्या लान्चियाने १९२२ साली लॅम्ब्डा नावाची मोटार दाखवली. तिच्यात ही वेगळी चौकटच नव्हती, शरीरच सारा भार वाही. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच पंथातल्या. कुर्ल्याला बनणारी, पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेलेली आपली फियाटही तीच. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले. पण तिच्या पोटात वेगळा कणा नव्हता हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

आता बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या आणि झाकण काढून त्याचे समोरासमोरचे कोपरे धरून पिळा. तो पिळला जातो. झाकण घट्ट बसवा आणि पुन्हा पिळून पाहा. आता तो बराच बधत नाही. मोटारीचा पुढला भाग, जिथे इंजिन असते, तो असाच बिनझाकणाचा डबा आहे; कारण बॉनेट हे केवळ उघड-मीट करण्यापुरते असते. या डब्यात दोन बाजूंना पत्र्याचे दोन बुरूज उभे असतात. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा आणि धक्के शोषणारे दांडे यांची डोकी त्या बुरुजांत बसवलेली असतात. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन यंत्रज्ञाची ही युक्ती. १९५० च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या मोटारींत ती आली आणि स्वस्त, आटोपशीर म्हणून जगभर पसरली. मोटार वेगाने वळली की बाहेरच्या चाकावर भार येतो आणि ते दोन बुरूज एकमेकांच्या मानाने केसभर हलतात. ते हलले की चाकाचा कल बदलतो. या दोन बुरुजांची डोकी एकमेकांना बांधून टाकणे, एवढेच त्या तांबड्या दांड्याचे काम.

हे ऐकून मी एक बाळबोध शंका काढली. हलले केसभर तर बिघडले कुठे? मोटारीत स्प्रिंगा घालायच्या त्या हलण्यासाठीच ना? मग एकीकडे हलण्याची सोय करायची आणि दुसरीकडे हलू नये म्हणून दांडे बसवायचे, हा कुठला न्याय?

यावर पुतण्याने जे उत्तर दिले, तिथून माझ्या विचाराला सुरुवात झाली. तो म्हणाला, शरीर ताठ करायचे ते स्प्रिंग मऊ ठेवता यावी म्हणून. शरीरच जर वाकू लागले तर तेही एक स्प्रिंगच होते. पण ती कुणी मोजून घातलेली नसते, आणि तिला आवरणारे काही नसते. खऱ्या स्प्रिंगेजवळ तिची उसळी जिरवणारा एक सोबती असतो. शरीराच्या या चोरट्या स्प्रिंगेजवळ तो नसतो. ती मनास येईल तशी वाकते, मनास येईल तेव्हा सरळ होते, आणि खऱ्या स्प्रिंगेचे सारे गणित चुकवते. मग मोटार बनवणारा काय करतो? स्प्रिंगच कडक करतो. शरीर ढिले म्हणून स्वभाव कडक!

त्याने मला इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनचे नाव सांगितले. लोटस मोटारींचा हा जनक. १९६२ साली त्याने शर्यतीसाठी जी मोटार उतरवली, तिच्यात नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची एकसंध नावच होती. ती त्या काळच्या इतर गाड्यांहून पुष्कळच ताठ होती. तिच्यात बसून जिम क्लार्कने १९६३ सालचे जगज्जेतेपद मिळवले. त्याच १९६२ साली रस्त्यावर चालवण्यासाठी त्याने काढलेल्या एलान मोटारीला पोलादी पत्र्याचा ताठ कणा होता, आणि स्प्रिंगा मात्र इतक्या मऊ की शर्यतवाल्यांना नवल वाटावे. वळणावर ती रस्ता सोडीत नसे आणि खड्ड्यात बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करीत नसे.

मला लहानपणापासून याच्या उलट शिकवलेले. ताठ माणूस तो कठोर, आणि मऊ माणूस तो ढिला. या दोन गोष्टी एकाच शरीरात राहू शकतात, इतकेच नव्हे तर एकीशिवाय दुसरी नीट राहू शकत नाही, हे मला कुठल्याही नीतिग्रंथाने सांगितले नव्हते. पण क्षणभर आपल्या ओळखीतली माणसे आठवून पाहावीत. ज्याच्या मनात दोन-चार गोष्टी पक्क्या ठरलेल्या असतात, तो बाकीच्या शंभर गोष्टींत किती सहज वाकतो! मुलीचे लग्न कुठल्या पद्धतीने व्हावे, जेवणात काय असावे, घरात कुणी काय नेसावे, याचा त्याला सोस नसतो. उलट ज्याचे काहीच ठरलेले नाही, तो चहात साखर कमी पडली तरी तत्त्वाचा प्रश्न करतो.

आमच्या मराठी मनाला मात्र "मोडेन पण वाकणार नाही" हे वाक्य फार प्रिय आहे. मलाही ते प्रिय होते. त्या दिवशी पुतण्याने त्याचा जो अर्थ लावला तो ऐकून मी चपापलो. "काका," तो म्हणाला, "न वाकता जे एकदम मोडतं ना, त्याला आमच्या शास्त्रात वीर म्हणत नाहीत, ठिसूळ म्हणतात." खडू न वाकता मोडतो. काच न वाकता मोडते. बिडाची कढई आपटली की तिचे तुकडे होतात. ताठपणा निराळा आणि बळ निराळे. ओझ्याखाली किती थोडे वाकतो तो ताठपणा. किती ओझ्यापर्यंत टिकतो ते बळ. साधे पोलाद घ्या, की महागातले अधिक बळकट पोलाद घ्या. आकार तोच असेल तर मोडण्याच्या बेतात येईपर्यंत दोन्ही जवळजवळ सारखीच वाकतात. फरक दिसतो तो पुढे. ताठपणा धातूच्या कुळातून फारसा येत नाही, घडणीतून येतो. तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा पोकळ नळी अधिक ताठ असते, म्हणून तर तो दांडा पोकळ होता. पोकळ वस्तू अधिक ताठ असतात, हे वाक्य मी मनाशी दोनदा घोळवले आणि काही सार्वजनिक पुढारी आठवून सोडून दिले.

आणि ताठपणा सर्वत्र गुणच असतो असेही नाही. आपल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मालट्रकची तळची चौकट मुद्दाम पिळली जाईल अशी करतात: उघड्या तोंडाच्या पन्हळीसारख्या तुळया, आणि जागोजाग रिबिटांनी बसवलेल्या आडपट्ट्या. एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असताना ती चौकट अंग चोरते, म्हणून चारही कोपऱ्यांची चाके जमिनीला धरून राहतात. तिला सगळीकडून वेल्डिंग करून ताठ केले, तर थोड्याच दिवसांत सांध्यांना तडे जातील. मुलांच्या शर्यतीच्या त्या बुटक्या कार्ट-गाड्यांना तर स्प्रिंगाच नसतात. तिथे सांगाडाच वाकतो, वळणावर आतले मागचे चाक किंचित उचलतो, आणि म्हणूनच गाडी वळते. तेव्हा ताठ असावे की नसावे, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे ताठ असावे, आणि आपण ताठ झालो म्हणजे तो भार जातो कुठे, हे विचारायला हवे. भार नाहीसा होत नाही. ताठ केलेली जागा भार आपल्याकडे ओढून घेते आणि आपल्या टोकांकडे लोटते. जिथे ताठ भाग संपतो आणि नरम भाग सुरू होतो, तडा नेहमी तिथे जातो. हे वाक्य पुतण्याने सहज उच्चारले. माझ्या मनात ते रुतून बसले.

असो. काम सुरू झाले. बॉनेट उघडले. बुरुजाच्या डोक्यावर मध्ये एक मोठा नट, आणि त्याच्याभोवती लहान नट. लहान नट काढायचे, त्यांच्या जागी पट्टी बसवायची, आणि नट पुन्हा लावायचे. "मधल्याला हात लावायचा नाही," पुतण्याने बजावले. त्या मधल्या नटाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते; तो सुटला तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उसळेल. लहान नट काढतानाही मोटार आपल्या चाकांवर उभी हवी, म्हणजे तिच्याच वजनाने सारे जागच्या जागी दाबलेले राहते. ती उचललेली असली तर आतला सगळा जुडगा खाली घसरतो. मी पाने देण्याचे काम केले. आमच्या सौ. एक कणकेचा गोळा घेऊन आल्या. तो दांड्यावर थापून बॉनेट हलकेच बंद करायचे आणि पुन्हा उघडायचे; गोळा किती चेपला त्यावरून दांडा बॉनेटला लागतो की नाही ते कळते. गोळा बोटभर जाडीचा राहिला. दांडा लागत नव्हता.

दांड्याच्या टोकांची भोके गोल नव्हती, लांबट होती. दोन मोटारी कारखान्यातून अगदी एकसारख्या निघत नाहीत, म्हणून बसवताना थोडे इकडे-तिकडे सरकवायला जागा ठेवतात. एकदा बोल्ट आवळले की मात्र ते अंतर तिथेच गोठते.

वरचे बोल्ट हाताने बसवून पुतण्या खालचा सांगाडा लावायला गेला. त्यासाठी त्याने पुढची डावी बाजू जॅकने उचलली, खाली लोखंडी स्टँड दिला, आणि सतरंजी टाकून तो पोटाखाली शिरला. तिथला एक बोल्ट गंजला होता. त्याच्याशी झटापट करता करता संध्याकाळ झाली. थंडीचे दिवस, उजेड लवकर जातो. खालून आवाज आला, "काका, तेवढे वरचे बोल्ट आवळून टाका." टॉर्क-पाना माझ्या हाती होता. ठरलेला जोर आला की तो 'टक्' असा आवाज करतो. मी चार वेळा टक् ऐकले आणि हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदाच मोटारीचे काही काम मी स्वतः केले होते. मला मोठे समाधान वाटले.

रात्री नऊ वाजता त्याचा फोन आला. "काका, चुकलंच. तुम्ही बोल्ट आवळलेत तेव्हा गाडी जॅकवर होती."

म्हणजे असे झाले होते की, एका कोपऱ्याने उचललेली मोटार किंचित पिळलेली असते, आणि त्या पिळलेल्या स्थितीतच आम्ही तिला दांड्याने जखडली होती. आता ती चार चाकांवर उभी होती. पण तिच्या शरीरात त्या संध्याकाळचा पीळ कायम केलेला होता. गतिरोधकावरून जाताना पुढून बारीकसा कट्ट असा आवाज येत होता. धोका नव्हता. पण दांडा लावला होता तो बुरूज हलू नयेत म्हणून, आणि आता तो त्यांना त्यांच्या जागेवर येऊ देत नव्हता.

"सकाळी येतो, सैल करू," म्हणून त्याने फोन ठेवला. मी अंथरुणावर पडलो आणि मला अण्णांची, माझ्या वडिलांची आठवण झाली.

हा पुतण्या माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा नव्हे. तो माझ्या चुलतभावाचा, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाचा नातू. १९६९ साली आजोबा गेले तेव्हा अण्णा नागपूरकडे दौऱ्यावर होते. तार उशिरा मिळाली. ते पोचले तिसऱ्या दिवशी. तेराव्याला पंगत बसलेली असताना थोरले काका चारचौघांत बोलून गेले, "शेवटचं पाणी घालायला नाही, पण वाटणीला बरोबर वेळेवर आलास." मी तेरा वर्षांचा होतो, अण्णांच्या शेजारच्या पाटावर होतो. अण्णा उठले. त्यांनी हात धुतले, आणि दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही." २००१ साली ते वारले. बत्तीस वर्षे त्यांनी तो उंबरा ओलांडला नाही.

आमच्या नात्यागोत्यात याचा मोठा गौरव झाला. शब्दाचा पक्का माणूस! मलाही अभिमान वाटे, आणि तो अगदीच खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. अण्णा पुरवठा खात्यात होते. त्या काळात त्या खात्यात काय चाले हे सांगायला नको. आमच्या घरात लाचेचा पैसा आला नाही. दिवाळीला दारात ठेवून गेलेली मिठाईची पेटीसुद्धा अण्णा सायकलवर बांधून परत नेऊन देत. तो एक दांडा त्यांनी फार पूर्वी आवळला होता, आणि तो आवळताना त्यांना कुणी दुखावलेले नव्हते. मन चार चाकांवर स्वस्थ उभे असताना त्यांनी ते ठरवले होते. म्हणूनच की काय, बाकीच्या बाबतींत ते इतके मोकळे, इतके हसरे होते. आम्ही नापास झालो तरी आमच्यावर हात उगारला नाही. बहिणीने परजातीत लग्न ठरवले तेव्हा अर्धा तास गप्प बसले आणि म्हणाले, "मुलगा सिगारेट ओढतो का?" ताठ कणा आणि मऊ स्प्रिंगा यांचा त्याहून चांगला दाखला मला चॅपमनच्या मोटारीतही सापडणार नाही.

परंतु १९६९ चा दांडा निराळा होता. त्या दिवशी घर जॅकवर होते. बाप गेलेला, आपण वेळेवर पोचलो नाही ही बोचणी आतून खात असलेली, आणि वरून तो शब्द. एक कोपरा उचललेला, सगळे शरीर पिळलेले. त्या क्षणी अण्णांनी पाना फिरवला. पुढे घर खाली आले. दुःख ओसरले. थोरल्या काकांनाही आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली असावी, कारण १९८४ साली त्यांनी निरोप पाठवला, "झालं गेलं विसर, ये." अण्णांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला, दादांची प्रकृती कशी आहे म्हणून विचारले, आणि सांगितले, "शब्द गेलाय माझा."

भार कुठे गेला? तो आईकडे गेला. काकू आणि आई यांचे सख्ख्या बहिणींसारखे होते. आई मंडईत जाते म्हणून बाहेर पडे आणि वाटेत तिकडे जाऊन येई. चैत्रातले हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे यांतले प्रत्येक कार्य तिने चोरून केले, आणि घरी येताना पिशवीत आठवणीने भाजी आणली. अण्णांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पण त्यांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. जिने मला लहानपणी एका पेन्सिलीच्या खोट्यासाठी उपाशी ठेवले होते, ती बाई बत्तीस वर्षे खोटे बोलली. अण्णांच्या सत्यवचनाची किंमत आईच्या असत्याने फेडली गेली. कुणी त्यांचा गौरव करू लागले की ती उठून स्वयंपाकघरात जाई.

१९९३ साली थोरले काका वारले. अण्णा घरी गेले नाहीत. थेट वैकुंठात जाऊन उभे राहिले. तिथे उंबरा नव्हता.

रात्री पडल्या पडल्या मला भीष्म आठवला. आपण त्याच्या प्रतिज्ञेपुढे हात जोडतो. पण ती कधी घेतली गेली ते पाहत नाही. बाप एका कोळ्याच्या मुलीसाठी झुरतो आहे, मुलगा बापाच्या चेहऱ्याकडे पाहून कासावीस झाला आहे, आणि मुलीचा बाप अटी वाढवीत चालला आहे. घर जॅकवर होते. पुढे ज्यांच्यासाठी प्रतिज्ञा केली ते दोन्ही भाऊ निपुत्रिक गेले, आणि खुद्द सत्यवतीने भीष्माला विनवले की आता हे सोड, वंश बुडतो आहे. जिच्या हितासाठी नट आवळला, तीच तो सैल कर म्हणून सांगत होती! भीष्म बधला नाही. भार टोकांकडे गेला: अंबेकडे, जिला कुणीच स्वीकारले नाही, अंबिकेकडे, जिने भयाने डोळे मिटले, अंबालिकेकडे, जी पांढरीफटक पडली. तडे जायचे तिथे गेले. मधला दांडा मात्र शरपंजरीपर्यंत अभंग राहिला.

यावर कोणी म्हणेल, आणि मीही त्या रात्री स्वतःला म्हटले, की मग शब्दाला अर्थ तो काय उरला? प्रत्येक जण जर "मी ते रागात बोललो होतो, मन तेव्हा जॅकवर होते" असे म्हणून आपली वचने सैल करू लागला, तर कर्ज फेडणारा कोण आणि लग्न निभावणारा कोण? आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी पुरते उत्तर देऊ शकत नाही. वचन हे अडचणीच्या वेळीच वचन असते. भर वळणावर, भार आलेला असताना जो पाना काढतो, त्याच्याजवळ दांडा नव्हताच म्हणायचे. पण पुतण्या सकाळी येणार होता तो दांडा काढून टाकायला नव्हे. मोटार सपाट फरशीवर, चार चाकांवर, स्थिर उभी असताना बोल्ट सैल करायचे, तिला आपल्या जागेवर येऊ द्यायचे, आणि मग त्याच जोराने पुन्हा आवळायचे, एवढेच होते. वाटेत खड्डा लागला म्हणून सैल करणे वेगळे, आणि आवळतानाच पीळ बसला होता हे कळल्यावर सैल करणे वेगळे. दोन्ही वेळी हात तसाच फिरतो, पाना तोच असतो. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसणारही नाही. ज्याचे त्यालाच ठाऊक. आणि तिथेच गोम आहे, कारण आपण जॅकवर आहोत हे त्या क्षणी माणसाला कळत नाही. मला तरी कुठे कळले होते? मोटार माझ्या डोळ्यांसमोर तिरपी उभी होती, आणि मी पान्याचे टक् ऐकून समाधान मानत होतो.

शिवाय अण्णांना काही विचारायचे तर त्यांच्या वतीने उत्तर कोण देणार? कदाचित त्या उंबऱ्यावाचून ते बाकीच्या गोष्टींत इतके ताठ राहू शकले नसते. आपल्या कुठल्या बोल्टावर आपला किती भार आहे हे माणूस स्वतःही सांगू शकत नाही, मग मुलाने काय सांगावे? मला त्यांचा राग येत नाही. राग आलाच तर माझाच येतो. कारण मी कसलीही शपथ घेतली नव्हती, आणि तरीही अण्णांच्या मागे इतकी वर्षे मी त्या घरी दोन-चारदाच गेलो आहे. त्यांचा तो बोल्ट होता. माझा नुसता गंज.

सोमवारी सकाळी सातला पुतण्या आला. धुके होते. मोटार त्याने अंगणाच्या बरोबर मध्ये आणली, आणि आम्ही दोघांनी ती हाताने दोनदा पुढे, दोनदा मागे ढकलली, म्हणजे चाके आणि स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात. मग त्याने दांड्याचे चारही बोल्ट सैल केले. शेवटचा सुटताना दांडा किंचित सरकला. सुपारीच्या कातरणाइतका असेल. मी वाकून पाहत होतो म्हणूनच दिसला. पाना त्याने माझ्या हाती दिला. मी आधी मोटारीभोवती एक फेरी मारली, चारही चाके पाहिली, आणि मग बोल्ट आवळले.

कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत आम्ही जाऊन आलो. तो कट्ट आवाज गेला होता. एका लांब वळणावर त्याने विचारले, "काका, फरक कळतो का? पुढून कशी घट्ट वाटते की नाही?" पैसे खर्च केलेल्या माणसाला फरक नेहमी कळतो, हे मला ठाऊक होते. मी नीट लक्ष देऊन बसलो होतो; पण मला काहीच कळले नाही, आणि मी तसे सांगितले. तो हसला. परत येताना त्याने स्वारगेटपाशी मोटार हळू केली आणि म्हणाला, "पंधरा दिवसांनी एकदा बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. या वेळी आमच्याकडे करू या का? उतार आहे, पण तपासायलाच तर आहेत." मी म्हटले, रविवारी करू.